वक्फ करणाऱ्याच्या मनात काय असतं?

सोलापुरात विजापूर वेशीच्या बाजूला एखाद्या कुटुंबानं मशिदीसाठी दुकानाचा गाळा वक्फ केला, म्हणजे कायमचा धर्मादाय दिला, की लोक म्हणतात, ‘पुण्यासाठी दिला.’ बरोबर आहे, पण अपुरं आहे.

इस्लाममधली जकात म्हणजे निसाबाइतकी (ठरलेल्या किमान मर्यादेइतकी) संपत्ती वर्षभर राहिली तर तिचा अडीच टक्के भाग. ते कर्तव्य. वक्फ ऐच्छिक असतो. त्यामागची मोठी ओढ ‘सदका-ए-जारिया’ची, म्हणजे चालू राहणाऱ्या दानाची. माणूस गेल्यावर त्याची कर्मं थांबतात. चालू राहणारं दान, उपयोगी ज्ञान आणि दुआ करणारी अपत्यं एवढंच मागे राहतं, असं हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, सांगते. म्हणून अनेक जण आईवडिलांच्या नावानंही देतात. पैगंबरांचे सहकारी आणि पुढे दुसरे खलिफा झालेले हजरत उमर यांनी अरबस्तानातल्या खैबरची जमीन दिली तेव्हाच घडी बसली: मूळ मिळकत विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही, वारसांत वाटायची नाही, उत्पन्न मात्र गरजूंना.

पण श्रद्धा असूनही हात आखडतो, आणि माझ्या मते कारण एकच, हिशेब दिसत नाही. गाळ्याचं भाडं जुन्याच दरानं येतं, मुतवल्ली (वक्फचा कारभार पाहणारा) जमाखर्च मांडत नाही. मग माणूस रोख सदका, म्हणजे ऐच्छिक दान, देऊन मोकळा होतो.

द्यायचंच असेल तर धडधाकट असताना द्या. मरणशय्येवरचा वक्फ साधारणपणे एक-तृतीयांश मालमत्तेपुरताच टिकतो. लेखी वक्फनामा करा, त्यात हेतू आणि मुतवल्ली कसा नेमायचा ते स्पष्ट लिहा, वक्फ मंडळाकडे नोंदणी करा. आणि सिटी सर्व्हेच्या मालमत्ता पत्रकावर नोंद चढवून घ्याच. ती करायची राहिली, की नातवंडांच्या पिढीत वाद कोर्टात जातो.