पहिले आलो, तरी वर गेलो नाही

इंग्लंडातल्या क्लबांवर जीव टाकणाऱ्यांचा मला हेवा वाटतो. त्यांच्या क्लबांकडे पैसा आहे म्हणून नव्हे. त्यांच्या दुःखाचा हिशेब लागतो म्हणून. आमच्या ऑफिसात एक जण लीड्स युनायटेडचा आहे. त्याचा क्लब 2004 मध्ये पहिल्या श्रेणीतून खाली गेला, तो वर यायला 2020 उजाडलं. 2023 मध्ये पुन्हा खाली. पुढच्या मोसमात 90 गुण करूनही वर जाण्याच्या उरलेल्या एका जागेसाठीच्या प्लेऑफच्या अंतिम सामन्यात साउदम्प्टनकडून एका गोलने हरले, आणि त्याच्या पुढच्या मोसमात 100 गुण करून पहिले आले. पहिले आले म्हणून वर गेले. हा ‘म्हणून’ त्याला इतका गृहीत वाटतो की मी माझी कथा सांगायला लागलो की तो दर दोन वाक्यांनी थांबवून विचारतो, “पण का?”

मी धेंपोचा. म्हणजे धेंपो स्पोर्ट्स क्लबचा, गोव्याच्या फुटबॉल क्लबचा.

एके काळी हे सांगताना मान ताठ असायची. पाच राष्ट्रीय विजेतेपदं : 2004-05 आणि 2006-07 ला नॅशनल फुटबॉल लीग, मग 2007-08, 2009-10 आणि 2011-12 ला तिच्या जागी आलेली आय-लीग. पाचही वेळा बाकावर प्रशिक्षक आर्मांडो कुलासो. मागे महेश गवळी आणि समीर नाईक, मध्ये क्लायमॅक्स लॉरेन्स आणि क्लिफर्ड मिरांडा, पुढे ब्राझीलचा बेटो आणि नायजेरियाचा रँटी मार्टिन्स. बेटोने मान वर करून बघितलं की स्टँडातली माणसं चेंडू जायच्या आधीच अर्धी उठायची, कारण रँटी कुठे पळणार हे त्यांनाही ठाऊक असायचं. 2011-12 च्या एकाच मोसमात रँटीने 32 गोल केले. त्याच्या आदल्या मोसमात आम्ही मुंबईच्या एअर इंडियाला 14-0 हरवलं होतं. दहाव्या गोलानंतर आनंद होत नाही, संकोच होतो, हे मला त्या दिवशी कळलं. (अकराव्यानंतर तोही गेला.)

मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवरचा सामना सुटला की थेट घरी जायची पद्धत नव्हती. मडगावात गाड्यावर उभं राहून रस-ऑमलेट खायचं. शाकुतीचा रस ऑमलेटवर ओतलेला, वर कांदा, कडेला लिंबाची फोड. पावाने बशी पुसता पुसता सामना पुन्हा खेळला जायचा. शेजारी चर्चिल किंवा साळगावकर या गोव्याच्याच दुसऱ्या क्लबांचा कुणी असला, तर चर्चिलवाल्याशी आवाज वाढायचे आणि साळगावकरवाल्याशी टोमणे. पणजीची कदंबा बस चुकायची आणि त्याचं फारसं कुणाला काही वाटायचं नाही.

पाचव्या विजेतेपदाला तीन वर्षं होतात न होतात तोच आम्ही पदावनत झालो. 2014-15 चा मोसम. अकरा संघ आणि आम्ही दहावे. इथेच लीड्सवाला पहिल्यांदा थांबवतो : अकरावा कोण? अकरावा पुण्याचा भारत एफसी. त्यांचं पहिलंच वर्ष होतं आणि थेट प्रवेश घेतलेल्या नव्या संघाला पहिल्या वर्षी पदावनतीतून सूट होती. म्हणून शेवटचा राहिला आणि शेवटून दुसरा खाली गेला. पुण्यातल्या माझ्या आतेभावाचा त्या दिवशी फोन आला. “अरे, शेवटचे आम्ही, मग खाली तुम्ही कसे?” त्याला खरोखरच कळत नव्हतं. पुढच्या मोसमाआधी भारत एफसी बंदच पडला, त्यामुळे त्याला समजावून सांगण्यात अर्थही उरला नाही.

पण नियम आधीपासून लिहिलेला होता, आणि दहावे आम्ही आमच्याच पायांनी आलो होतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. खाली जाण्यातसुद्धा एक उमेद असते. छोटी मैदानं, नवी पोरं, पुन्हा सुरुवात. आणि झालंही तसंच. 2016 मध्ये धेंपो दुसऱ्या श्रेणीत पहिला आला. एका वर्षात परत वर!

त्याच उन्हाळ्यात भारतीय फुटबॉल महासंघाने नवा आराखडा पुढे केला. त्यानुसार आयएसएल (इंडियन सुपर लीग) ही देशातली पहिल्या क्रमांकाची लीग होणार होती, आय-लीग तिच्या खाली जाणार होती आणि दोघींच्या मध्ये चढ-उताराची वाटच नसणार होती. खालच्याने कितीही जिंकलं तरी तो खालचाच. गोव्याच्याच साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लबने आय-लीगमधून अंग काढून घेतलं, मागोमाग धेंपोनेही. वेटिंगवरचं तिकीट कन्फर्म झालं आणि आम्ही गाडीत चढलोच नाही. आमच्या मागोमाग दुसरा आलेला पंजाबचा मिनर्व्हा मात्र चढला, आणि 2017-18 मध्ये थेट आय-लीगचा विजेता झाला. तो करंडक आम्हीच उचलला असता असं मी म्हणत नाही. मनात येतं, एवढंच.

धेंपोचं तेव्हा चुकलं का, यावर आजही पणजीत चहाचे दोन कप सहज थंड होतात. माझं मत सांगतो. मुद्दा शंभर टक्के बरोबर होता. जिथे वर जायला जिना नाही, तिथे खालच्या मजल्यावर भाडं का भरायचं? पण रुसून बसायचं तर समजूत काढायला कुणीतरी येईल अशी खात्री लागते. इथे कुणी आलं नाही. गाडी आपल्या वेळापत्रकाने निघून गेली आणि रुसण्याची मुदत आठ वर्षांवर गेली.

त्या वर्षांत आम्ही राज्याच्या लीगचे सामने बघितले. म्हापशाला धुळेरच्या मैदानावर दुपारच्या उन्हात मोजकी माणसं, त्यातली निम्मी खेळाडूंची नातेवाईक. एवढी शांतता की गोलकीपरने बॅकला घातलेली “फाटीं पळय!” (मागे बघ!) अशी हाक स्टँडात स्पष्ट ऐकू यायची, आणि त्यावर बॅकने पुटपुटलेली शिवीसुद्धा. एक म्हातारे गृहस्थ छत्री घेऊन यायचे आणि ऊन असो, ढग असो, ती उघडून बसायचे. मागच्याला दिसत नाही अशी तक्रार करायला मागे कुणी नसायचंच. फातोर्ड्यावर मला फुटबॉलचा गलका आवडायचा. इथे फुटबॉल ऐकायला यायला लागला.

मग 2024 मध्ये आम्ही पुन्हा वर, आय-लीगमध्ये आलो. दुसरे आलो, पण दोघांना जागा होती. प्रशिक्षक कोण, तर समीर नाईक, तोच तो बचावफळीतला. आमच्याबरोबर वर आलेला स्पोर्टिंग क्लब बंगळुरू एका मोसमात परत खाली गेला, आम्ही टिकलो. आता प्रश्न वरच्या पायरीचा, आयएसएलचा.

मधल्या काळात जिना बांधला गेला, हे खरं. आय-लीग जिंकून 2023 मध्ये पंजाब एफसी वर गेला, 2024 मध्ये मोहम्मडन स्पोर्टिंग. पण हा जिना तेव्हा फक्त चढायचा होता. 2024-25 मध्ये आयएसएलच्या तळाला मोहम्मडनच होता, आणि तो तिथेच राहिला, कारण उतरायची सोय अजून सुरूच झालेली नव्हती. त्याच मोसमात आय-लीगचा करंडक एप्रिलमध्ये आमच्या शेजारच्या चर्चिलला दिला गेला आणि जुलैमध्ये स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादाने इंटर काशीला विजेता ठरवलं. चर्चिलचं दुःख बघून आम्हा धेंपोवाल्यांना जो आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही. काही वर्षांनी तिथे आपण असू, ही धास्ती आधी आली. फुटबॉलवाल्याने ऑफसाइड शिकावा, फार तर गोलफरक शिकावा. लवादाची कलमं कशाला?

तरी मी आशेवर आहे, आणि त्याला 2025 चा ऑक्टोबर जबाबदार आहे. सुपर कप ही बाद-स्पर्धा गोव्यात होती. रियल काश्मीरने माघार घेतली म्हणून धेंपोला ऐन वेळी बोलावणं आलं, तेही मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या गटात. मी धास्तावूनच बघायला बसलो. बहुतेक गोव्याचीच पोरं, त्यांच्यासमोर कोट्यवधींचे संघ. ईस्ट बंगालविरुद्ध आम्ही 1-2 ने मागे होतो आणि सामना संपत आला असताना लक्ष्मणराव राणेने बरोबरी साधली. तीन दिवसांनी देशाचा विजेता असलेल्या मोहन बागानला 0-0 वर रोखलं. गटातून पुढे गेलो नाही, पण एकही सामना हरलो नाही. ऑफिसात लीड्सवाल्याने त्या दिवशी पहिल्यांदा “पण का?” न विचारता “स्कोअर काय?” विचारलं.

म्हणून माझं म्हणणं असं की घाई नको. या पोरांना दोन-तीन मोसम एकत्र खेळू द्यावं. उसने परदेशी आणून एका वर्षात उडी मारण्यापेक्षा गुणतक्त्याच्या मध्यावर रेंगाळलेलं चालेल मला. तोवर वरच्यांनी आपापसात काय ते ठरवावं : कोण चढणार, कोण उतरणार, आणि ते गुणतक्त्यावर ठरणार की कागदावर. एवढं ठरलं की हरायलाही मी तयार आहे.

एक घरगुती अडचण मात्र आताच दिसते आहे. आम्ही वर आयएसएलमध्ये गेलो तर तिथे एफसी गोवा आहे. 2014 मध्ये तो क्लब निघाला तेव्हा त्याच्या मालकांत धेंपो आणि साळगावकर ही दोन्ही घराणी होती, त्यामुळे पेच त्यांनाही पडेल. माझ्या मुलीने रँटीला खेळताना बघितलेलं नाही. तिची जर्सी एफसी गोवाची, नारिंगी आहे, आणि फातोर्ड्याला गेलो तर मी वेगळ्या स्टँडात बसायचं, हे तिने मला कळवून ठेवलंय. रस-ऑमलेटचे पैसे मात्र मीच द्यायचे आहेत, कोणीही जिंको.