आईचं नाक आणि मोटारहोममधला वास : फीनिक्स ते पेज

मे महिन्यात आम्ही मोटारहोम, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, घेऊन अमेरिकेतल्या ॲरिझोनात फीनिक्सहून ग्रँड कॅन्यन आणि तिथून पुढे पेज या गावाला जाऊन आलो, मी, बायको, लेक आणि साताऱ्याहून आलेली आई. सहा दिवस. कॅन्यन कसा दिसतो ते सगळ्यांनाच माहितीये, मी वासाबद्दल लिहिणारे, कारण सहापैकी चार दिवस माझं अर्धं डोकं त्यातच होतं आणि तुमच्यापैकी कोणी सेकंडहँड मोटारहोम घेऊन निघणार असेल तर तुमचंही असणार आहे.

गाडी २६ फुटी, गेल्या वर्षी एकाकडून वापरलेली घेतलेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गाडीच्या पोटात तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची, एक ग्रे, म्हणजे सिंक आणि शॉवरचं सांडपाणी, आणि एक ब्लॅक, म्हणजे संडासाची. तुम्ही झोपता त्याच्या बरोबर खाली हे सगळं डुचमळत असतं, त्यामुळे टाकीला वास येतो म्हणून वैतागण्यात अर्थ नाही, टाकीला वास येणारच. तो वास आत कुठून येतोय एवढंच शोधायचं असतं. मला हे कळायला चार दिवस लागले.

पहिल्या दिवशी आय-१७ हायवेने निघालो. फीनिक्स समुद्रसपाटीपासून साधारण ११०० फुटांवर आणि फ्लॅगस्टाफ ७००० च्या आसपास, त्यामुळे कँप व्हर्डे सोडलं की गाडी नुसती चढत असते. उकडत होतं म्हणून छतावरचा पंखा फुल्ल, खिडक्या बंद, आणि तिथेच मागून लेक ओरडली, बाबा कोणीतरी काहीतरी केलंय! सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. मी गाडी थांबवून ब्लॅक टाकीत वास मारायचं निळं औषध ओतलं, मग अजून एकदा ओतलं, आणि फ्लॅगस्टाफ येईपर्यंत गाडीत सार्वजनिक मुतारी अधिक फिनेल असा एकत्र वास पसरला. औषध जास्त ओतणं ही नव्या माणसाची पहिली चूक, माझ्यासकट. आणि फॉर्मल्डिहाइडवालं औषध घेऊच नका, बऱ्याच कँपग्राउंडचं सांडपाणी सेप्टिक टाकीत जातं आणि त्यातले कामाचे जिवाणू त्याने मरतात. एन्झाइमवालं घ्या, आणि मुख्य म्हणजे पाणी भरपूर वापरा. डंप केल्यावर, म्हणजे टाकी ड्रेनमध्ये रिकामी केल्यावर, ब्लॅक टाकीत निदान १२-१५ लिटर पाणी सोडायचंच, कोरड्या टाकीत गेलेलं खाली थापून बसतं आणि मग त्याचा डोंगर होतो. कसला डोंगर ते सांगत नाही, जेवण झालं असेल तुमचं.

मुक्काम साउथ रिमच्या, म्हणजे कॅन्यनच्या दक्षिण काठावरच्या, मेदर कँपग्राउंडला. जागा सुंदर, उंच पाइनची झाडं, सकाळी तंबूंच्या मधून एल्क, म्हणजे मोठी हरणं, फिरतात. पण इथे हुकअप, म्हणजे गाडीला लावायच्या जोडण्या, नाहीत, ना वीज ना पाणी ना ड्रेन, आणि ३० फुटांपेक्षा लांब गाडी चालत नाही. डंप स्टेशन जवळच आहे. हुकअप पाहिजेच असतील तर शेजारी ट्रेलर व्हिलेज आहे, पण बुकिंग फार आधी करावं लागतं. मे मध्ये रात्री पार शून्याच्या जवळ जातं, तेव्हा खिडक्या बंद, हीटर चालू, आणि वास आत कोंडलेला. आई मफलर बांधून बसली आणि म्हणाली, "अरे, हा संडासाचा वास नाहीये, हा मोरीचा आहे."

मी म्हणलं आई, वास तो वास. ती म्हणाली नाही, संडासाचा वेगळा असतो, हा खरकट्याचा आंबूस आहे, आपल्या सोसायटीतल्या खालच्या गटाराचा येतो ना तसा.

मला तेव्हा पटलं नाही, पण हा सगळ्या ट्रिपमधला सर्वात उपयोगी मुद्दा होता. ग्रे टाकीचा वास आंबट, तेलकट, कुजलेल्या भाजीसारखा. ब्लॅकचा तुम्हाला माहितीये. फक्त गरम पाण्याचा नळ सोडल्यावर सडक्या अंड्याचा वास येत असेल तर टाक्यांचा काही संबंध नाही, तो वॉटर हीटरमधला आहे, हीटर गंजू नये म्हणून आत असलेली मॅग्नेशियमची कांडी (ॲनोड रॉड) आणि पाण्यातले जिवाणू मिळून तो बनवतात, हीटर रिकामा करून धुवावा लागतो. तसाच वास बॅटरीच्या कप्प्यातून येत असेल तर ती जास्त चार्ज होऊन तापलीये, चार्जर बंद करा. आणि स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मुद्दाम घातलेला वासही अशाच जातीचा असतो, म्हणून काहीही शोधायच्या आधी सिलिंडरचा कॉक बंद करून दारं-खिडक्या उघडा. गॅस डिटेक्टर जमिनीलगत असतो कारण एलपीजी हवेपेक्षा जड, त्याच्यासमोर बॅगा रचून ठेवू नका (आम्ही ठेवल्या होत्या).

अजून एक, नाकावर फार विश्वास ठेवू नका. अर्धा तास आत बसलात की नाक मरतं, वास गेला असं वाटतं पण तो तिथेच असतो. आम्ही मग असं केलं की सगळं बंद करून सगळे बाहेर, रिमवर पाऊण तास फिरून यायचं आणि आधी आईला एकटीला आत पाठवायचं. ती दारात उभी राहून बोट दाखवायची. लेक म्हणाली आजी म्हणजे स्निफर डॉग, त्यावर आजीने तिला असं काही बघितलं की विषय संपला.

पहिलं बोट गेलं टॉयलेटकडे. म्हणजे मोरीचा वास होताच पण संडासाचाही होता, दोन भानगडी एकदम होत्या आणि म्हणूनच मी गोंधळलो होतो. मोटारहोमच्या टॉयलेटला घरच्यासारखी वळणाची नळी नसते, खाली एक झाकण आणि त्याभोवती रबरी सील, आणि त्यावर भांड्यात दोन बोटं पाणी साठून राहायला हवं, ते पाणी म्हणजेच तुमचं बूच. रात्री पाणी भरून पातळीवर चिकटपट्टी लावली, सकाळी भांडं कोरडं ठाक. हातमोजे घातले, जुना टूथब्रश घेतला, सीलची खाच साफ केली तर त्यात टॉयलेट पेपरचा लगदा वाळून बसलेला. मग सिलिकॉन ग्रीस लावलं. व्हॅसलीन लावू नका, पेट्रोलियमने रबर फुगतं. दुसऱ्या रात्री पाणी टिकलं. नसतं टिकलं तर नवीन सील टाकायचं, ते बऱ्याच मॉडेलला टॉयलेट न उचलता बसवता येतं.

आणि तो पंखा! छतावरचा पंखा हवा बाहेर फेकतो, तेवढी हवा कुठून तरी आत यायलाच पाहिजे, खिडक्या बंद असतील तर ती टाकीतून वर येते. फ्लश करताना झाकण उघडलं की सगळा भपकारा तोंडावर. म्हणून फ्लशच्या आधी पंखा बंद, नाहीतर एखादी खिडकी तरी उघडी. कँप व्हर्डेच्या चढावर आमचं नेमकं हेच झालं होतं. नंतर हे नवीन लोकांना सांगितलं तर कोणाला पटत नाही, करून बघा.

तिसऱ्या दिवशी डेझर्ट व्ह्यूवरून कॅमेरॉन, तिथून यूएस-८९ हायवेने पेज. इथे घड्याळाची एक गंमत लक्षात ठेवा, ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही पण नवाहो नेशन, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी नवाहो लोकांचा स्वायत्त प्रदेश, करतो, आणि हा रस्ता त्यातूनच जातो त्यामुळे फोन मधेच एक तास पुढे उडी मारतो. पेजमध्ये परत ॲरिझोनाची वेळ. बोटीची किंवा अँटिलोप कॅन्यनची टूर असेल तर वेळ कुठली ते विचारून घ्या.

वळणं घेत घेत पेजला पोचलो आणि मोरीचा वास आधीपेक्षा जास्त. शॉवरच्या जाळीतून. आईने सरळ तांब्याभर पाणी आणलं आणि ओतलं. "गावाला महिनाभर घर बंद ठेवून आलो की मोरीत पाणी ओततो की नाही आपण? तसंच आहे हे." अगदी तसंच आहे! आपल्याकडचा नहाणी ट्रॅप आणि इथला पी-ट्रॅप एकच, वळणात पाणी थांबतं आणि ते गटाराचा वास अडवतं. ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत ते पाणी पटकन सुकतं, आणि गाडीत तर ते वळणावर हिंदकळून निघूनही जातं. दर मुक्कामाला पोचल्यावर प्रत्येक ड्रेनमध्ये कपभर पाणी, एवढं केलं तरी अर्ध्या लोकांचा प्रश्न इथेच मिटेल.

आमचा मिटला नाही. सिंकखालच्या कपाटात वास होताच. उदबत्ती लावून धूर कुठे हलतो ते बघ असं आईचं म्हणणं, पण सांडपाण्याच्या वायूत मिथेन असतो, ड्रेनच्या तोंडाशी पेटतं काही न्यायचं नाही असं मी ठरवलं. तर तिने वातींसाठी आणलेला कापूस काढला, पिंजून एक हलकी पिसासारखी बट केली, दोऱ्याने चमच्याच्या दांड्याला बांधली. पंखा फुल्ल, खिडक्या बंद, आणि ती बट प्रत्येक सांध्याशी धरत गेलो. सिंकखाली पाइपच्या टोकाला एक काळी प्लास्टिकची टोपी असते, एअर ॲडमिटन्स व्हॉल्व्ह, पाणी जाताना हवा आत घेते आणि एरवी बंद राहते, म्हणजे राहायला हवी. तिथे बट चक्क आडवी झाली. आतलं रबर अडकून उघडंच राहिलेलं. पेजच्या हार्डवेअर दुकानात नवीन मिळाली, दहा डॉलरच्या आत, हाताने फिरवून बसते, फक्त आट्यांना टेफ्लॉन टेप लावा. आमची पाच मिनिटांत बसली. कपाट रिकामं करायला वीस मिनिटं लागली कारण आईचे डबे.

उरला चालत्या गाडीतला बारीक वास, छताच्या बाजूने येणारा. चौथ्या दिवशी पेजजवळच्या वाहवीप कँपग्राउंडला शिडीने वर चढलो, टाकीचा वायू छतावरून बाहेर सोडणाऱ्या व्हेंट पाइपची टोपी काढली, आणि बघतो तर पाइप छताच्या वर आलेलाच नव्हता, भोकाच्या इंचभर खाली संपत होता. म्हणजे टाकीचा वायू बाहेर न जाता अर्धा छताच्या पोकळीत पसरत होता, आणि हे बहुतेक गाडी बनली तेव्हापासून. जोडणीचं कपलिंग आणि पाइपचा एक छोटा तुकडा आणून दोन इंच वर काढला, भोवतीची फट सीलंटने बंद केली. समोर लेक पॉवेल हा तलाव निळाशार चमकत होता आणि मी छतावर पालथा पडून भोकात हात घालत होतो. दुपारच्या उन्हात हे करू नका, छत चटके देतं.

डंप करताना आधी ब्लॅक मग ग्रे, म्हणजे नंतरच्या साबणाच्या पाण्याने होज (डंपचा पाइप) धुतला जातो. फुल हुकअप असला तरी ब्लॅकचा व्हॉल्व्ह बंदच ठेवायचा, दोन-तृतीयांश भरल्यावर एकदम सोडायचा, तरच जोर लागतो. व्हॉल्व्ह उघडा ठेवला तर पाणी निघून जातं आणि बाकीचं राहतं. आणि वास जावा म्हणून ब्लॅक टाकीत ब्लीच टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, लघवीतल्या अमोनियाशी मिळून त्याचा विषारी वायू होतो.

परत येताना गाडीत नुसता आईच्या फोडणीचा वास होता. आता गाडी फीनिक्सच्या उन्हात उभी राहणार, ट्रॅप परत सुकणार, म्हणून प्रत्येक ड्रेनमध्ये पाण्यावर दोन चमचे तेल सोडलंय, तवंगामुळे पाणी उडत नाही. आई गोडेतेल घाल म्हणत होती, पण ते खवट होतं, मिनरल ऑइल घातलं.