वुल्फ अखेर एफ-शार्पवरून हलला

काल रात्री माझ्या सेलोच्या जी (G) तारेवरचा एफ-शार्प हा सूर एका गजात, मध्ये कुठेही न तुटता वाजला. वुल्फ म्हणजे एका ठरावीक सुरावर सेलो गुरगुरतो, थरथरतो तो दोष. खात्री पटेना म्हणून लागोपाठ नऊ वेळा वाजवला!

मागच्या वेळी लिहिलं होतं, जी तारेवर घोडीच्या खालच्या बाजूला वुल्फ दाबायची पितळी नळी बसवली आहे. त्यानं आवाज दबला, गुरगुर तशीच. गुडघ्यांनी सेलोचं अंग आवळलं की वुल्फ गप्प बसतो, पण अर्ध्या तासात मांड्या भरून येतात. कमी ताणाच्या तारा लावल्यावर तो जरा नरमला. माझं ठाम मत झालंय: वुल्फ असलेल्या सेलोला जास्त ताणाच्या तारा लावूच नयेत.

मूळ दुखणं मापात आहे. व्हायोलिनपेक्षा सेलो एक सप्तक आणि वर पंचम खाली, म्हणजे कंपनसंख्या एक तृतीयांश. त्या हिशेबानं ३५.५ सेंटिमीटरच्या व्हायोलिनच्या तिप्पट, १०६.५ सेंटिमीटर लांब अंग हवं. असतं ७५च्या आसपास. सतराव्या शतकात आतड्याच्या तारेवर धातूची तार गुंडाळायला लागले, आखूड तारेतूनही भरीव खर्ज निघू लागला, म्हणून हे जमलं. इटालियन वाद्यकार स्त्रादिवारीचा १७१२चा डेव्हिडॉव्ह नावाचा सेलो याच मापाचा. हातात मावणारा सेलो त्यामुळे मिळाला, पण एवढं हलकं अंग आपल्या स्वतःच्या सुरावर फार सहज हलतं. माझ्या सेलोचा तो सूर १८५ हर्ट्झजवळ, म्हणजे नेमका एफ-शार्प. तिथे बोट पडलं की सेलोचं पोट, म्हणजे वरची फळी, तारेची ताकद ओढून घेतं, परत देतं, पुन्हा ओढतं. थरथर होते ती यामुळे.

काल नळी सी तारेवर घेतली. टेलपीसकडचा, म्हणजे तारा खाली जिथे अडकवतात त्या पट्टीकडचा, तारेचा तेवढाच तुकडा बोटानं छेडायचा, ऐकायचं, मिलिमीटरभर सरकवायची. तुकडा एफ-शार्प बोलला तिथे स्क्रू आवळला. वुल्फ गेला नाही, एफ आणि एफ-शार्पच्या मधल्या फटीत सरकला. तिथे माझं बोट कधी पडतच नाही. बाखच्या पहिल्या सेलो स्वीटमधल्या प्रिल्यूडच्या, म्हणजे सुरुवातीच्या रचनेच्या, तिसऱ्या बारमध्ये हाच एफ-शार्प डी तारेवर येतो. इतका झटकन जातो की तिथलं दुखणं कधी जाणवलं नव्हतं, पण आज तोही मोकळा लागला.

पुढच्या आठवड्यात साउंडपोस्ट, म्हणजे सेलोच्या आतली लाकडी खुंटी, हलवून घेणार होतो. पण हे लिहिताना सुचलं, आधी पोटावर मेणाची गोळी चिकटवून जागा शोधावी. वजनानं वुल्फ आणखी खाली उतरला, तर नळी काढूनच टाकेन. साउंडपोस्ट पावसाळा संपेपर्यंत राहू दे. दमट हवेत लाकूड फुगलेलं असताना त्याला हात लावणं मला पटत नाही.