आई पाट्या वाचते

लिस्बनमधल्या पहिल्याच सकाळी सुपरमार्केटच्या भाजीच्या कप्प्यासमोर उभं राहून आईने जाहीर केलं, "हे लोक मराठीच बोलतात."

समोर पाटी होती, बटाटा. लिपी रोमन, पण चक्क बटाटा. शेजारी कोबीच्या गड्ड्यांवर कोबीच्याच जवळपासचं काहीतरी, त्यापलीकडे अननस. मग आई सुटलीच. साबणाच्या फळीसमोर ती "साबाओ, साबाओ" करत इतकी रमली की एका बाईंना वाटलं, हिला साबण सापडत नाहीये. त्यांनी वडी काढून हातात दिली. आईने ती घेतलीही. नको कसं म्हणायचं? युरोला शंभरने गुणून झाल्यावर मात्र गुपचूप जागेवर ठेवून आली.

हा गुणाकार आमच्या अख्ख्या सहलीभर चालू होता. मी पैसे देतेय, मी कमावतेय, तरी कॉफीचा कप टेबलावर आला की आई ओठांतल्या ओठांत शंभरने गुणणार आणि मग शेवटच्या थेंबापर्यंत पिणार. मला हसू येतं, पण परवा एकटीच एका दुकानात मीही तेच करताना सापडले.

घरमालकीणबाईंनी किल्ली देताना "शाव" म्हटलं होतं. चावीच ती, आपण त्यांच्याकडूनच घेतलेली. कागदावर पाहिलं असतं तर आईने उडीच मारली असती. तेव्हा नुसती हसली आणि मान डोलावली. उच्चार वेगळे असतात, मी मनात म्हटलं.

आमच्या दोघींच्या भटकण्याच्या तऱ्हा जुळत नाहीत. मला कशाच्याही टोकावर चढायचं नसतं. मनोरा खालून बघावा, किल्ला समोरच्या कट्ट्यावरून. आईला आत जायचं असतं. "एवढं लांब आलोय ते काय भिंती बघायला?" त्यामुळे बेलेंच्या जेरोनिमोस मठात आम्ही शिरलो. मी म्हटलं, दारातच वास्को द गामाची कबर आहे.

आईच्या शाळेतल्या इतिहासाचा तो पहिला परदेशी माणूस. 1498, कालिकत, रिकाम्या जागा भरा. दगडी पेटीवर हात जोडून आडवा झालेला त्याचा पुतळा बघताच आईचे हात सवयीने जोडले गेले. मग कोणापुढे जोडलेत ते लक्षात आल्यावर झटकन खाली आले आणि त्या उंच, गार, कुजबुजत्या जागेत आई खणखणीत आवाजात म्हणाली, "हाच का तो मेला?"

मेलेला होताच. 1524 साली कोचीत. हाडं मागाहून पोर्तुगालला आणली. मी हे सांगत होते तोवर रखवालदाराने ओठांवर बोट ठेवून "श्श" केलं. आई बोलतच होती. त्याने पुन्हा केलं. शेवटी मीच तिचा दंड धरून बाहेर आणली. बाहेर येऊन म्हणते, "का गं, झालं एवढ्यात बघून?"

तिथल्या प्रसिद्ध कस्टर्डच्या टार्टवर फार लिहीत नाही. 1837 पासून तिथे विकतात, वरून दालचिनी भुरभुरतात आणि एकावर भागत नाही. तिसऱ्याला आईने गुणाकार केला नाही, यावरून काय ते समजा.

दुपारी शहराच्या मध्यात परतलो. वरच्या कार्मो चर्चकडे जायला लोखंडी लिफ्ट आहे, 1902 सालची, जाळीदार, उभ्या पालखीसारखी. रांग बघून आणि तिकीट गुणून आईने गुडघे चोळले आणि म्हणाली, "चालत जाऊ." लिस्बनच्या फुटपाथवर पांढऱ्या दगडाचे चौकोनी तुकडे बसवलेले असतात आणि लाखो चपलांनी ते इतके गुळगुळीत झालेत की चढावर माणूस आपोआप नम्र होतो. आम्ही एकमेकींना धरून चढलो. कोण कोणाला धरत होतं ते सांगता येणार नाही.

कार्मोचं चर्च 1389 साली बांधायला घेतलं. 1755 च्या 1 नोव्हेंबरला सकाळी भूकंप झाला. सर्व संतांचा सण, चर्चं माणसांनी भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या. आधी छतं आली, मग आग लागली, मग समुद्र आत शिरला. खालचा बाजारभाग नंतर पट्टीने आखावा तसा नव्याने वसवला. कार्मोच्या मुख्य दालनावर मात्र छप्पर पुन्हा चढलंच नाही. कमानी तेवढ्या उभ्या, बरगड्यांसारख्या, आणि वर आकाश.

आई आत आली, वर बघितलं आणि म्हणाली, "अगं, ही तर वसई."

वसईच होती. किल्ल्यातली ती बिनछपराची चर्चं, भिंतींतून डोकावणारं रान, कॉलेजात असताना आईने हट्टाने मला नेलं होतं आणि मी कंटाळून एका पायरीवर वडापाव खात बसले होते. वसईचं छप्पर भूकंपाने नाही पाडलं. 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी ती जिंकली, पुढे ओस पडत गेली. चर्चच्या घंटा मात्र मराठ्यांनी काढून आणल्या आणि आपल्या देवळांत टांगल्या. त्यातली एक नाशकात, पंचवटीत, गोदेच्या काठी. नारोशंकराची घंटा.

आईचं माहेर पंचवटीतलं. मे महिन्यात मी तिथे असायची आणि दिवसभर माझं तोंड चालू असायचं. दुपारी सगळे आडवे झालेले, वाड्यात पंख्याचा आवाज, आणि मी ओट्यावर बसून कुणाशी तरी, बहुधा मांजराशी, वाद घालत असे. आतून आजीची हाक, "कार्टे, नारोशंकराची घंटा आहेस नुसती!" मला कित्येक वर्षं वाटायचं, नारोशंकर हा कोणीतरी आमचा बडबड्या नातेवाईक असणार. मग एकदा संध्याकाळी आईने घाटावर नेऊन दाखवली, देवळाच्या तटावर टांगलेली. एवढं धूड. त्यावर 1721 कोरलंय, आईने मला वाचून दाखवलं होतं. पाट्या वाचायची तिची खोड जुनीच आहे. मी विचारलं, ही वाजते कशी? आई म्हणाली, "तुझ्यासारखी."

मी काही ती वाजताना ऐकलेली नाही.

हे सगळं मला कार्मोच्या कमानींखाली आठवत होतं आणि आईला सांगायचं होतं की बघ, तिकडचं छप्पर गेलं, इकडचंही गेलं, घंटा तेवढी आपल्याकडे राहिली, यात काहीतरी आहे. काय आहे ते तेव्हा नेमकं सुचलं होतं. आता गेलं डोक्यातून. आई तोवर आतल्या दालनातली काचेतली पेरूची ममी बघून आली होती आणि "पेरूची म्हणजे देशाची गं, फळाची नाही" असं मलाच समजावत होती.

बाहेर चौकात झाडांखाली बसलो. शेजारच्याच बराकीत 1974 च्या एप्रिलमध्ये पंतप्रधान काइतानो अडकून बसला होता, बाहेर सैन्याच्या चिलखती गाड्या आणि गर्दी. संध्याकाळी त्याने सत्ता सोडली. गोवा आपल्याकडे 1961 मध्येच आला, पण तो भारताचा आहे हे पोर्तुगालने कागदावर मान्य केलं ते या उलथापालथीनंतर, त्याच वर्षाच्या अखेरीला. मी हे रंगवून सांगत होते. आई चपला काढून पायाची बोटं हलवत, समोरच्या टपरीवरचा फळा वाचत होती. "लिमोनादा," ती म्हणाली. "लिंबू सरबत. घेऊ या एकात दोघी?"

तेवढ्यात घंटा झाली. अगदी जवळच्या कुठल्याशा चर्चची, जड, भरलेली. पहिल्या ठोक्याला कबुतरं उडाली. पलीकडच्या बाकावरचं पोर दचकून रडायला लागलं. मी आईकडे बघितलं, आता म्हणणार, नारोशंकर!

आई फळा वाचत होती. ठोके पडत होते आणि ती बोट धरून किमती वाचत होती, ओठ हलत होते, शंभरने गुणणं चाललं होतं. चार ठोके झाले. उडालेली कबुतरं बघून तिने मान वर केली. "यांना काय झालं एकदम?"

किल्लीच्या वेळचं हसू आठवलं, मग रखवालदाराचं "श्श". घरी फोन दोनदा वाजल्यावर मलाच उचलावा लागतो आणि मी म्हणते, आई, कुठे असते तुझं लक्ष.

"काही नाही," मी म्हटलं. मग जरा जवळ सरकले आणि पुन्हा, मोठ्याने म्हटलं, "काही नाही गं! सरबत घेऊ!"

"ओरडतेस काय," आई म्हणाली. "नारोशंकराची घंटा."