आमची वाटचाल: कुत्रा, शेळी आणि मधलं अंतर

सुरुवातीला आमचं कुत्र्यांना शिकवण्याचं काम चारचौघांसारखंच होतं. बस, थांब, ये, पट्टा न ओढता चाल. ही कामं शिकवणारे पुष्कळ आहेत आणि चांगलं शिकवणारेही आहेत. पण शेतावर राहायला गेलेली किंवा सुट्टीत गावाकडे जाणारी कुटुंबं एकच तक्रार घेऊन परत यायची: वर्गात शहाण्यासारखा वागणारा कुत्रा गुरं दिसली की स्वतःचं नावसुद्धा विसरतो. ही तक्रार इतकी वाढली की आम्ही बाकीचे वर्ग हळूहळू कमी केले आणि याच कामाला लागलो.

त्यासाठी आधी जनावरं हवी होती. आम्ही शेळ्या घेतल्या, मेंढ्या नाही. मेंढी बिचकली की पळते, तिच्यामागे अख्खा कळप पळतो, आणि पळणारी वस्तू म्हणजे कुत्र्याला आमंत्रणच. शेळी थांबून बघते. त्यातही शिंगवाल्या, वयस्क, कशाचं सोयरसुतक नसलेल्या शेळ्या निवडल्या. त्या आमच्या खऱ्या शिक्षिका. निवांत शेळी बसून रवंथ करते; जबडा थांबला, मान ताठ झाली की तिला कुत्र्याची धास्ती वाटू लागली. त्या क्षणी आम्ही कुत्र्याला मागे घेतो, मग तो कितीही छान वागत असो. शेळ्यांच्या पाळ्या ठरलेल्या आहेत, एकीलाच रोज उभं करत नाही.

शिकारीची एक साखळी असते: नजर रोखणं, दबकत जाणं, पाठलाग, पकड, चावा. माणसाने जाती घडवताना या साखळीच्या कड्या कमीजास्त केल्या. मेंढ्या हाकणाऱ्या बॉर्डर कॉली जातीत नजर आणि दबकणं ठळक झालं, चावा दबला. कळपाची राखण करणारे कुत्रे पिल्लू असल्यापासून मेंढ्यांतच वाढतात आणि त्यांच्यात पाठलागाची ओढच कमी असते. घरचा कुत्रा यात कुठे बसतो, हे जातीच्या नावावरून नुसता अंदाज करता येतो. म्हणून आमची पहिली भेट शिकवणीची नसते, बघण्याची असते.

बघायचं काय? तोंड. हाशहुश करणारं तोंड अचानक मिटतं, कान पुढे येतात, वजन पुढच्या पायांवर जातं. अशा वेळी नाकासमोर आवडता खाऊ धरला तरी कुत्रा त्याचा वाससुद्धा घेत नाही. म्हणजे आपण फार जवळ आलोय. मागे सरत जायचं, तो पुन्हा खाऊ लागेल तिथपर्यंत. कामाला सुरुवात त्या जागेवरून. हार्नेस, लांब दोरी, भरपूर खाऊ आणि त्याहून भरपूर कंटाळा. मग कधीतरी कुत्रा शेळीकडे बघतो आणि कुणी न सांगता मान वळवून मालकाकडे बघतो. बक्षीस त्या वळण्याचं.

इथे गिऱ्हाइकांशी आमचं वाजतं. त्यांना कोकराच्या नाकाला नाक लावलेला फोटो हवा असतो. आम्हाला मैत्री नको, दुर्लक्ष हवं. शेळी म्हणजे भिंत, असं कुत्र्याला वाटलं की आमचं काम झालं. त्या फोटोपायी काही जण गेलेही, गेले तर गेले.

कोंबड्या सर्वांत अवघड. पंख फडफडले की शांत कुत्र्याचंही डोकं फिरतं. म्हणून आधी जाळीआडून, धूळस्नान करत पडलेल्या कोंबड्या. दाणे टाकल्यावरचा गोंधळ अगदी शेवटी. गायींचं वेगळं. वासराची आई कुत्र्यावर चाल करून येते आणि पट्टा धरून ठेवणारा माणूस मध्ये सापडतो. असं झालं तर पट्टा सोडा. कुत्रा पळून सुटेल, तुम्ही सुटणार नाही. घोड्याला अगदी पाठीमागचं दिसत नाही, तिथून कुणालाच जाऊ देत नाही. गाढवं तर जात्याच कुत्र्यांवर खार खाऊन असतात, कुठेकुठे त्यांना कळपाच्या राखणीला ठेवतात ते त्यासाठीच. त्यांची ओळख कुंपणापलीकडूनच.

कुंपण विजेचं असेल तर सराव होईपर्यंत करंट बंद. गायीकडे बघत असताना झटका बसला तर कुत्र्याच्या हिशेबी तो गायीने दिला. शॉक कॉलर आम्ही वापरत नाही, त्याचंही कारण हेच.

धंदा खरा उभा राहिला तो पशुपालकांमुळे. पुढच्या सरावाला आम्हाला त्यांचे गोठे हवे होते आणि त्यांना दारात कुत्रं नको होतं, ते योग्यच होतं. कुत्र्याने मागे लागल्यास गाभण मेंढ्या गाभडतात. कुत्र्याच्या विष्ठेतून निओस्पोरा हा परजीवी चाऱ्यात गेला तर गायींचा गर्भपात होतो. एकायनोकॉकस हा फीतकृमी कुत्रा आणि मेंढीमध्ये फिरत राहतो, माणसालाही गाठतो. म्हणून रेबीज आणि लेप्टोस्पायरोसिसची लस, जंतनाशकाची नोंद, विष्ठा लगेच उचलणं आणि गाभण जनावरांपासून लांब राहणं, याशिवाय आम्ही फाटकातून आत घेत नाही. उलट बाजूने कुत्र्यालाही जपावं लागतं. आयव्हरमेक्टिन हे जंतनाशक दिलेल्या घोड्याची लीद कॉलीसारख्या काही कुत्र्यांनी खाल्ली तर विषबाधा होऊ शकते, त्यामुळे औषध कधी दिलं ते आधी विचारतो.

पिल्लांचं काम सोपं आणि वेळेचं. कुत्र्यांच्या वागण्याचे अभ्यासक स्कॉट आणि फुलर यांचं १९६५चं संशोधन सांगतं की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जग स्वीकारतं. तेव्हा लसी पूर्ण नसतात, म्हणून पिल्लू कडेवर घेऊन लांबूनच गोठा दाखवायचा. हंबरणं ऐकवायचं, वास येऊ द्यायचा, आणि झोप आली की घरी.

काही कुत्र्यांना आम्ही नाही म्हणतो. ज्याने जनावर मारलंय त्याला सुटं सोडण्याची हमी कुणी देऊ नये. त्याच्यासाठी जाळीदार मुसकं, दुहेरी फाटक आणि पट्टा, एवढाच सल्ला देतो आणि फक्त तपासणीचे पैसे घेतो. यात कमाई नाही, पण नवीन गिऱ्हाइकं बहुतेक याच लोकांनी पाठवलेली असतात.

अलीकडे सशांसाठी विचारणा वाढली आहे. ससा घाबरला की गप्प गोठून बसतो आणि लोकांना वाटतं, रुळला. शेळीसारखा तो आम्हाला वेळेवर काही सांगत नाही, त्यामुळे त्याला सरावात वापरणार नाही. त्या घरांना आम्ही वेगळी खोली, बंद दार आणि कुत्र्याचं वेळापत्रक आखून देतो.