हॅण्डब्रेकचे अकरा टक

शेफिल्ड हे चढउतारांचं गाव आहे. २०१४ मध्ये टूर द फ्रान्सचा दुसरा टप्पा इथे संपला, तेव्हा जेन्किन रोडच्या ३३ टक्के चढावर भलेभले सायकलपटू सीटवरून उठून पॅडल मारत होते. आमची गल्ली तितकी उभी नाही, पण पिशवीतून निसटलेला बटाटा थेट खालच्या चौकात जाऊन थांबतो. अशा गल्लीत माझी १९९१ची युनोस रोडस्टर उभी असते. युनोस म्हणजे माझदाची एमएक्स-५च, जपानी बाजारातल्या नावाची. दोन सीटा, १६०० सीसीचं इंजिन, कापडी छप्पर आणि बटण दाबलं की बेडकासारखे वर येणारे दिवे. तिला घेऊन सात-आठ वर्षं झाली. नवरा तिला ‘तुझी हौस’ म्हणतो. दुरुस्तीचं बिल आलं की ‘तुझी खाज’.

या गाडीचा हॅण्डब्रेक ओढला की पाच ते सात ‘टक’ ऐकू यायला हवेत. गेल्या हिवाळ्यात माझे नऊ झाले. मग दहा. मी दांडीच्या मुळाशी असलेला, केबल ताणणारा १० मिलिमीटरचा नट दोन फेरे आवळला, टक सातवर आले आणि मी खूश. महिन्याभरात पुन्हा नऊ. पुन्हा आवळला. हा उद्योग मी चार वेळा केला. अकरावर गेल्यावर मात्र नटाला पुढे जायला आटेच उरले नव्हते.

मग माझी खात्री पटली की दांडीतली दातेरी पट्टी झिजली. हॅण्डब्रेकच्या दांडीत एक खिटी असते, ती दात्यांवरून एकेक पाऊल चढते आणि मागे घसरत नाही. तोच तो टक. दात झिजले की खिटी सरकणार, हे कुणालाही पटावं असं आहे. भंगारात गेलेल्या एका गाडीची दांडी पंचवीस पौंडांना मागवली, दोन सीटांमधला कन्सोल उचलला, जुनी काढली, नवी बसवली. दोन्ही दांड्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर शेजारी ठेवून भिंगाखाली पाहिल्या. दातांत तसूभर फरक नव्हता. टक अकराच.

एवढ्यात एमओटी आली. ही इथली सक्तीची वार्षिक तपासणी. मागची चाकं फिरत्या रोलरवर ठेवतात, हॅण्डब्रेक हळूहळू ओढतात आणि प्रत्येक चाक किती जोर धरतं ते यंत्रावर दिसतं. दोन्ही चाकांचा मिळून जोर गाडीच्या वजनाच्या निदान १६ टक्के भरावा लागतो. माझ्या गाडीचं वजन ९५० किलो धरा, म्हणजे १५२ किलो हवेत. डाव्या चाकाने ९५ दिले. उजव्याने २५. गाडी नापास.

त्या कागदाकडे बघत मी पार्किंगमध्ये बराच वेळ उभी होते. नापास झाल्याचं दुःख नव्हतंच. दांडी झिजली असती तर दोन्ही आकडे सारखेच पडले असते! केबल सैल असती तरी तेच. दांडीपासून एक केबल मागे जाते, गाडीखाली तिचा एक जोड आहे आणि तिथून दोन केबल्स दोन चाकांकडे. एकच चाक मेलं असेल तर दोष त्या जोडाच्या पलीकडे आहे. आणि मी चार महिने अलीकडचा नट पिळत बसले होते, कारण हाताला तोच लागत होता.

शनिवारी सकाळी कामाला लागले. आमच्या दारात सपाट जागा नाही, म्हणून खालच्या चौकाजवळ एका मैत्रिणीच्या घरामागची फरशी मागून घेतली. आई त्या वेळी मिरजेहून तीन महिन्यांसाठी आली होती, तीही बरोबर. तिने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, “विटा कुठायत?”

आमच्या अण्णांची जुनी फियाट होती, आणि डिकीत कायम दोन विटा. पन्हाळ्याच्या चढावर अण्णा गाडी थांबवायचे, आणि इंजिन बंद व्हायच्या आत आई उतरून चाकामागे वीट लावायची. दोघांचं ते इतकं बसलेलं होतं की बोलावं लागत नसे. मी तिला म्हटलं, अगं आता विटा कशाला, गिअरमध्ये ठेवते ना. आणि म्हणतानाच लक्षात आलं की आपण मूर्ख आहोत. या गाडीची मागची चाकं चालतात. गिअर धरतो तो मागच्या चाकांना, हॅण्डब्रेकही मागच्याच चाकांना. ती दोन्ही जॅकवर हवेत गेली की जमिनीवर उरतात पुढची दोन, आणि त्यांना धरायला कुणीच नाही. शिवाय मागचं चाक हाताने फिरवून बघायचं तर गिअर न्यूट्रलमध्येच हवा. मैत्रिणीच्या कुंड्यांखालून आईने स्वतः विटा काढून आणल्या आणि पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लावल्या. मग मागच्या दोन चाकांच्या मधोमध असलेल्या डिफरन्शियलखाली जॅक, दोन्हीकडे स्टँड, चाकं बाहेर.

युनोसला मागेही डिस्क आहेत. हॅण्डब्रेकसाठी वेगळा ड्रम नाही, पायाचा आणि हाताचा ब्रेक एकाच कॅलिपरमध्ये, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडमध्ये पकडणाऱ्या चिमट्यात. पायाने दाबलं की ऑइल पिस्टनला ढकलतं. हाताने ओढलं की केबल कॅलिपरच्या पाठीवरची एक छोटी दांडी ओढते, तिचा दांडा आत फिरतो आणि एका लहानशा दुव्यामार्फत त्याच पिस्टनला मागून रेटा देतो. केबल सोडली की स्प्रिंग त्या दांडीला परत जागेवर आणते. निदान आणायला हवी.

डाव्या बाजूची केबल मी कॅलिपरवरच्या दांडीतून काढली, पक्कडीने दांडी ओढली, सोडली. खट्ट! जागेवर. उजव्या बाजूचीही केबल काढली. ओढायलाच जोर लागला. सोडली तर दांडी आरामात अर्ध्या वाटेवर थांबली, जेवण झाल्यावर माणूस खुर्चीत रेलतो तशी. केबलशी तिचा काही संबंध उरलेला नव्हता, त्यामुळे केबल निर्दोष सुटली. त्या दांडीचं रबरी बूट फाटलं होतं. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते पाणी किती वर्षं आत जात होतं कोण जाणे.

आणि माझ्या नट पिळण्याने त्यात भरच पडली होती. केबल ताणून ठेवली की ती दांडी कायम थोडी ओढलेलीच राहते. तिच्या वाट्याची अर्धी हालचाल मीच आधी खाऊन टाकली होती.

आशावादी माणूस आधी तेल मारतो. मीही मारलं, गंज सोडवणारं. वीस मिनिटं दांडी पुढेमागे केली. मोकळी झाली, खट्ट नाही तरी फट्ट म्हणण्याइतकी. पण मला भरवसा वाटेना, म्हणून कॅलिपर उतरवून मैत्रिणीच्या बागेतल्या टेबलावर खोलला. दांडा ज्यात फिरतो ती सुयांची बेअरिंग असते, बारीक बारीक पोलादी सुया गोलात मांडलेल्या. सुया नव्हत्याच. होती ती तपकिरी भुकटी, नाचणीच्या पिठासारखी, आणि तिच्यात तीन-चार तुकडे. दांडा बोटाने चाचपला तर एका अंगाला चक्क सपाट लागला. झीज होती ती ही, आणि ती हॅण्डब्रेकच्या दांडीपासून दीड मीटर मागे.

सील आणि बेअरिंग नवी मिळते. पण दांडाच चपटा झालाय म्हटल्यावर त्याला नवी बेअरिंग घालणं म्हणजे वाकड्या पायात नवा बूट. इथे जुन्या कॅलिपरच्या बदल्यात दुरुस्त केलेला मिळतो. वर अनामत भरायची, जुना परत पाठवला की ती मिळते. मला सत्तर पौंड आणि वर तीस अनामत पडली. मंगळवारी खोका आला. खोक्यावर ‘उजवा’, आत डावा. मी आधी आनंदाने उचलून डिस्कवर धरून पाहिला, आणि हवा काढायचा निपल खाली आला तेव्हा उजेड पडला. तसाच बसवला असता तर गाडीला बसलाही असता, पण हवेचा बुडबुडा वर अडकतो आणि निपल खाली, म्हणजे जन्मभर पायडल स्पंजासारखं. बदली खोका यायला आणखी तीन दिवस गेले.

कॅलिपर बसवणं सोपं. पाइपच्या बोल्टला दोन तांब्याच्या वायसर लागतात, त्या नव्याच घ्या, जुन्या दाबलेल्या असतात. ब्रेक ऑइल पत्र्यावर सांडलं तर रंग खातं, म्हणून ओलं फडकं हाताशी ठेवलं होतं आणि ते दोनदा लागलं. पॅड दोन्ही बाजूंचे नवे टाकले, एका बाजूचे कधी बदलू नयेत.

मग ब्रेकच्या पाइपात शिरलेली हवा काढायची. नवरा कामावर, तेव्हा पायडलवर आई. दार उघडून तिने सीटकडे पाहिलं आणि म्हणाली, “गाडी आहे का पाट?” पातळ सावरत, एका हाताने छप्पर धरून, ती खाली खाली गेली आणि शेवटी टेकली.

“आई, दाब.”

“दाबलं.”

“धरून ठेव. सोडू नकोस.”

मी निपल पाव फेरा उघडला. पारदर्शक नळीतून आधी नुसते बुडबुडे, मग काळपट ऑइल. निपल बंद.

“सोड.”

“सगळं सोडू?”

“सगळं. आता परत दाब.”

आठ-दहा वेळा झाल्यावर तिला लय सापडली. “दाबलंय... धरलंय... तुझं झालं का?” शेवटी शेवटी तर तीच मला सूचना देत होती. वरच्या डब्यातलं ऑइल कमी होतंय का ते बघायचं मात्र माझ्याच लक्षात राहिलं. तो डबा रिकामा झाला की वरून पुन्हा हवा शिरते आणि सगळं पहिल्यापासून.

खरी खुबी यानंतर आहे. कॅलिपरच्या मागे १४ मिलिमीटर डोक्याचा एक बोल्ट असतो. तो नुसता बूच आहे. तो काढला की आत ४ मिलिमीटरची ॲलन की, म्हणजे षटकोनी चावी, बसते. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवत जायचं, पॅड डिस्कला घट्ट धरेपर्यंत, आणि मग एक तृतीयांश फेरा उलटं यायचं. डिस्क हाताने मोकळी फिरली पाहिजे. दोन्ही बाजूंना हे केलं, पायडल पाच-सात वेळा दाबलं, आणि त्यानंतरच हॅण्डब्रेकच्या दांडीच्या नटाला हात लावायचा. मी तर आधी तो नट पूर्ण सैल करून टाकला होता. उलट्या क्रमाने केलं की काय होतं ते चार महिने करून झालं होतं.

पॅड बदलतानाही हीच की उलटी फिरवून पिस्टन आत घ्यावा लागतो. क्लॅम्प लावून रेटू नका, आतली यंत्रणा मोडते.

दांडी ओढली. सहा टक.

आईला घेऊन चक्कर मारायला निघाले, छप्पर उघडं टाकून. पाच-सहा मैलांवर जळका वास आला. मला वाटलं पुढच्या लॉरीचा. आई म्हणाली, “आपलाच आहे.” थांबवून मागच्या डाव्या चाकाजवळ हात नेला तर धग लागली. आईने पाण्याच्या बाटलीतून बोटांनी चार थेंब डिस्कवर शिंपडले. चुर्रर्र. “तवा तापलाय. घाल आता घावन.”

डाव्या बाजूला मी एक तृतीयांश फेरा मागे आले नव्हते, फार तर एक अष्टमांश. अंधार पडत होता, आईशी बोलत बोलत केलं होतं, आणि ‘थोडं घट्टच बरं’ हा विचारही मनात होता, खोटं कशाला बोलू. अर्धा तास तिथेच थंड होऊ दिलं. चाकाच्या आऱ्यांमधून ती की पोचत नाही, म्हणून तिथेच जॅक लावून चाक काढलं. आणि पुढच्या चाकांना लावायला आईने डिकीतून दोन विटा काढल्या. मैत्रिणीच्या. निघताना तिने त्या गुपचूप टाकून घेतल्या होत्या.

फेरतपासणीला डावं ११८, उजवं १२१. म्हणजे २५ टक्के. रोलरवरच्या माणसाने काही न बोलता शिक्का मारला.

जुना कॅलिपर परत पाठवला, अनामतीचे तीस पौंड आले. विटांच्या बदल्यात मैत्रिणीला एक कुंडी नेऊन दिली. भंगारातून आणलेली ती पंचवीस पौंडांची दांडी गाडीत बसवलेलीच आहे आणि माझी मूळची दांडी माळ्यावर पडून आहे. कुणाला हवी असेल तर येऊन घेऊन जा, दात उत्तम आहेत.