जुनं भाड्याचं घर दुरुस्त करताना रंगाचा डबा शेवटी उघडा

भाडेकरू गेला, घर रिकामं झालं, की पहिला फोन रंगाऱ्याला जातो. पैसे बेताचे असतील तर हाच फोन सगळ्यात महाग पडतो. ओल्या भिंतीवरचा रंग एक पावसाळाही धरत नाही. दिवाळीपर्यंत पोपडे सुटतात आणि नवा भाडेकरू भिंतीचे फोटो पाठवायला लागतो.

इथे डोळ्यासमोर धरलंय ते साठ-सत्तर वर्षांचं घर. विटांचं बांधकाम मातीत केलेलं, वर मंगलोरी कौलं, मागे न्हाणीघर. साताऱ्या-सांगलीच्या जुन्या पेठांत, कोकणात अशी घरं अजून भाड्याने जातात. अशा घरात पैसा पाण्याच्या वाटेने खर्च करायचा. आधी छप्पर, मग भिंती, मग नळ आणि मोरी, त्यानंतर वायरिंग. रंग अगदी शेवटी.

छप्पर बघायला भर दुपारी माळ्यावर चढा, खिडक्या-दारं बंद करून घ्या. जिथून उजेडाचा कवडसा आत येतो तिथल्या रिपेवर, म्हणजे कौलं टेकतात त्या आडव्या पट्टीवर, खडूने खूण करा. पावसात घर बघायला मिळालं तर उत्तमच, पण खाली जमिनीवर थेंब पडतो त्याच्या बरोबर वर भोक शोधू नका. पाणी कौलाखाली शिरतं, वाशावरून दोन-चार फूट घरंगळतं आणि भलतीकडेच टपकतं. गळतीचं मूळ थेंबापासून आढ्याच्या, म्हणजे छपराच्या शेंड्याच्या, बाजूला असतं.

१०० चौरस फुटांच्या पाखीला (छपराच्या एका उताराला) साधारण १४० कौलं लागतात, फुटतूट धरून १५० सांगा. दुकानात जाताना जुनं एक कौल सोबत न्याच. दोन कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकींत बसत नाहीत. नुसत्या डोळ्यांना ती सारखीच दिसतात, पावसाला मात्र फरक लगेच कळतो. जुने वाडे पाडतात तिथल्या मालवाल्याकडे त्याच छापाची कौलं स्वस्तात मिळू शकतात. घेताना प्रत्येकावर टिचकी मारा: खणखणीत वाजलं तर घ्या, बद्द वाजलं तर केसाएवढी चीर आहे, परत ठेवा. पुरेशी जुळणारी मिळालीच नाहीत तर मागच्या पडवीवरची जुनी कौलं काढून मुख्य पाखीवर चढवा आणि वेगळ्या छापाची सगळी पडवीवर घाला. एका पाखीवर एकच छाप, एवढं सांभाळलं की अर्धी गळती थांबते.

कौलं काढलीच आहेत तर रिपा तपासून घ्या. स्क्रूड्रायव्हरचं टोक अर्धा इंच सहज आत गेलं तर ती रीप बदलायची. वाळवीची मातीची नळी दिसली तर नुसती खरवडून भागत नाही, ती भिंतीतून कुठून वर आली ते खालपर्यंत शोधा. नव्या रिपेचं अंतर अंदाजाने धरू नका. दोन कौलं खाचेत खाच बसवून जमिनीवर ठेवा आणि एका कौलाच्या नाकापासून (रिपेला अडकतो तो उंचवटा) दुसऱ्याच्या नाकापर्यंत मोजा. बहुतेक वेळा ते साडेबारा-तेरा इंचांच्या आसपास भरतं. अंतर अर्धा इंच जास्त झालं तर खाच सुटते आणि खालचं कौल घसरतं. कमी झालं तर कौल उचललेलं राहतं आणि वाऱ्याबरोबर पाऊस आत येतो.

आढ्यावरच्या कोन्यांत (दोन पाखी मिळतात तिथली कौलं) गवंडी कडक सिमेंट ठासतात. लाकूड उन्हात-पावसात हलतं, कडक सिमेंट हलत नाही, म्हणून पहिल्याच उन्हाळ्यात तिथे तडा जातो. एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू असा नरम माल वापरायला सांगा. गवंडी नाक मुरडेल, मुरडू द्या. हे सगळं मेच्या मध्यापर्यंत उरकायचं. जूनच्या तोंडावर कौलं चाळणारा (काढून पुन्हा नीट बसवणारा) माणूस मागाल त्या दामाला मिळत नाही.

आता भिंती. वरून आलेला डाग तपकिरी कडेचा असतो, छप्पर नीट झालं की तो वाढत नाही. खालून चढलेली ओल वेगळी ओळखू येते: जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत पट्टा, तळवा फिरवला की पिठासारखी पांढरी भुकटी हाताला लागते, टिचकी मारली की गिलावा पोकळ वाजतो. हा लोणा. खात्री करायची तर फूटभर प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला दव जमलं तर पाणी भिंतीतून येतंय, खोलीकडच्या बाजूला जमलं तर ते हवेतलं आहे आणि खिडकी उघडी ठेवण्याने भागेल.

लोण्यावर सर्रास होणारा उपाय म्हणजे सिमेंटचा गिलावा आणि वर वॉटरप्रूफ रंग. मातीतल्या भिंतीला यासारखं दुसरं वैर नाही. आतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते, मग ती आणखी वर चढते आणि तीन फुटांवरचा पट्टा पाच फुटांवर जातो.

भिंतीला हात लावण्याआधी बाहेर जाऊन बघा. वर्षानुवर्षं अंगणात भर पडून माती जोत्यापर्यंत आलेली असते. भिंतीलगत दीड-दोन फूट रुंदीची माती खणून जोत्याच्या सहा इंच खाली उतरवा, उतार घराबाहेर द्या. पाया उघडा पडेल इतकं मात्र खणू नका. पागोळ्यांचं पाणी भिंतीवर उडत असेल तर पत्र्याची पन्हळ लावा, दहा फुटांना अर्धा इंच उतार पुरतो. दोन मजुरांच्या एका दिवसाच्या रोजात जेवढी ओल थांबते तेवढी कुठल्याही महागड्या डब्याने थांबत नाही.

मग आतला गिलावा ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत काढून टाका, विटांमधल्या दर्जा (सांधे) अर्धा इंच खरवडा, क्षार कोरड्या ब्रशने झाडा. भिंत धुवायची नाही, धुतलं की क्षार विरघळून परत आत जातात. भिंत निदान तीन-चार आठवडे उघडी राहू द्या. घर लवकर भाड्याने द्यायची घाई याच टप्प्यावर नडते. वाळल्यावर एकास तीन चुना-वाळूने दर्जा भरा आणि त्याच मालाचे दोन पातळ थर द्या, एकेक अर्ध्या इंचाच्या आत. पिशवीतला चुना रात्रभर भिजवून घ्या. गिलाव्यावर आठवडाभर ओलं पोतं ठेवा, नाहीतर तो उन्हाने भुसभुशीत होतो. चुना डोळ्यांत गेला तर इजा होते, चष्मा लावूनच काम करा.

न्हाणीघरात जुने जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी, पाइप असतात. गळका नळ बदलायला म्हणून पान्याने फिरवला की भिंतीतला गंजलेला सॉकेटच तुटतो, आणि शंभर रुपयांचं काम भिंत फोडण्यावर जातं. आधी नुसता वॉशर बदलून बघा. नळ काढावाच लागला तर दुसऱ्या पान्याने मागचा पाइप धरून ठेवा. पाइपच गेलेला असेल तर भिंत फोडू नका, अर्ध्या इंची सीपीव्हीसीचा (प्लॅस्टिकचा) पाइप भिंतीवरून क्लॅम्प मारून फिरवा. दिसायला साधं दिसतं, पण पुढची गळती डोळ्यांसमोर राहते. संडासाची टाकी गळते का ते बघायला रात्री टाकीत कपड्यांची नीळ घाला. फ्लश न करता भांड्यात निळं पाणी उतरलं तर आतला रबर गेला. बंद घरात मोरीतून वास आणि झुरळं येत असतील तर बहुधा काही बिघडलेलं नसतं, नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे मोरीच्या तोंडाखाली वास अडवायला साठतं ते, पाणी आटलेलं असतं. तांब्याभर पाणी ओता आणि दुसऱ्या दिवशी बघा.

वायरिंगमध्ये काटकसर करायची नाही. लाकडी पट्टीवरच्या जुन्या वायरिंगला बहुतेकदा अर्थिंगच नसतं. तीन भोकांचा प्लग बसवलेला असतो, तिसऱ्या भोकामागे काहीच नाही. परवानाधारक वायरमनकडून आधी अर्थिंगचा पाइप आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या. पूर्ण घर बदलणं परवडत नसेल तर निदान न्हाणीघर आणि स्वयंपाकघर नव्याने करा: दिव्यांना १.५, मोठ्या प्लगला २.५ आणि गिझरला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. आरसीसीबी वरचेवर पडतो म्हणून तो काढून टाकणारा वायरमन भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. तो पडतोय म्हणजे कुठेतरी करंट गळतोय.

दारांचं थोडक्यात. पावसाळ्यात फुगलेलं दार जुलैत रंध्याने तासू नका, एप्रिलमध्ये बोटभर फट दिसेल. बिजागरीचे स्क्रू फिरत असतील तर भोकात फेव्हिकॉल लावून बांबूची काडी ठोका, वाळली की तोच स्क्रू घट्ट बसतो.

खर्च कुणाचा, यावर भांडण होतंच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे घर राहण्याजोगं ठेवणं हे मालकाचं काम आहे. निदान १५ दिवसांची नोटीस देऊनही वाजवी मुदतीत त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षाला त्या वर्षीच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या राहण्याच्या परवानगीच्या करारावर, राहणाऱ्याला हे कलम जसंच्या तसं लागू पडत नाही, म्हणून कुठली दुरुस्ती कुणी करायची ते करारातच लिहून घ्या.

रंगाची पाळी आली की चुन्याच्या गिलाव्यावर चुन्याचीच सफेदी द्या, पातळ तीन हात, दोन हातांमध्ये एक दिवस. ऑइलपेंट फक्त दारं-खिडक्यांना. उरलेली दहा-बारा कौलं माळ्यावर उभी टेकवून ठेवा, आडवी रचली तर खालची फुटतात.